आम्ही ओवाळलेला डब्बा

आमच्या गावात इंटरनेट आलं तेव्हा आम्ही त्याले ओवाळलं होतं. खोटं नाही सांगत. नवा ट्रॅक्टर असो का बोअरची मोटर, हळदीकुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडे कोणी हात लावत नाही. मंग ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरकारी केबलचा डब्बा ठोकला, त्याले कसं सोडणार? आरतीचं ताट माझ्या काकूच्या हातात होतं. केबलवाल्यांनी फोटो काढला, चहा पिला अन् गेले. डब्ब्याचा दिवा काही लागला नाही. "लागंल पुढच्या आठवड्यात," म्हणाले होते. त्याले वर्षं झाली.

मोबाइलची रेंज तर गावात नाहीच. रेशनच्या मशीनवर अंगठा लावाले नेट लागते, म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर बसते. धान्य खाली गावात, अंगठा वर टेकडीवर! काकूचे गुडघे गेलेले. एकटी राहते, घरात दुसरा अंगठा नाही. दर महिन्याले मी पांढरकवड्याहून जातो अन् तिले धरून धरून वर चढवतो. मागच्या पावसाळ्यात ती घसरली, मनगट मोडलं. त्या महिन्याचं धान्य गेलं ते गेलंच.

माझं डोकंच फिरलं. टॉवरच्या कंपनीचा माणूस तालुक्याले आलता, त्याले गाठलं. तो सरळ बोलला, "तुमच्या गावात गिऱ्हाईक किती? आमच्या पैशानं टॉवर परवडत नाही. सरकार मदत देते, पण जिथं काहीच पोचलं नाही त्याच गावाले. तुमचं गाव तर जोडलेलं आहे."

"कोण म्हणते?"

त्यानं सरकारी ऑफिस दाखवलं. तिथल्या साहेबानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर डब्बा, हार, नारळ अन् ताट घेतलेली हसरी काकू. "हा घ्या पुरावा," साहेब म्हणाले. "गावकऱ्यांनी स्वागत केलं ना?"

आग लागो त्या पुराव्याले! दिवा लागला का, हे पाहाले कोणी आलं नाही. ठेकेदाराले केबल टाकल्याचे पैसे भेटले. चालवण्याचे भेटत नाहीत, तर तो कायले फिरकते? अन् डब्बा आहे म्हणून टॉवर नाही. म्हणजे आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना.

काकूले हे सारं सांगितलं.

परवा मी गावात गेलतो, तर डब्बा तपासाले सरकारी माणसं आलेली. सरपंचानं काकूले निरोप धाडला, ताट घेऊन या. काकू रिकाम्या हातानं आली, डब्ब्याच्या समोर उभी राहिली अन् वाकडं मनगट वर केलं.

"काढा फोटो. माझा अंगठा इथं खाली लागला का मंग ओवाळतो."

"आजी, जरा बाजूले व्हा," मोबाइल धरलेला साहेब म्हणाला. "डब्बा दिसत नाही."

काकू हलली नाही. साहेबानंच दोन पावलं सरकून फोटो काढला, एकट्या डब्ब्याचा.

"चाल बाप्पा," काकू मले म्हणाली, "दुकानदार टेकडीवर गेला असंन."