निरोगी माणसांच्या बाटल्या

डॉक्टरबाई कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत. नवरा म्हणायचा, "हिला आरशात दिसलेलं तोंडही दुसऱ्या आरशात तपासून बघावं लागतं." पण हा स्वभाव काही जन्मजात नव्हता. शिकाऊ असताना त्यांच्या वॉर्डात अपघातातला एक तरुण आला. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाई निर्धास्त राहिल्या. तिसऱ्या दिवशी रिपोर्टमधला आकडा चढला, तोवर मूत्रपिंडं कामातून गेली होती, आणि मागोमाग तोही गेला. तेव्हापासून बाई ताकच काय, पाणीही फुंकून पिऊ लागल्या. रक्ताच्या आधी लघवीत काही इशारा मिळतो का, हे शोधण्यात त्यांची वीस वर्षं गेली.

इशारा देणारं एक प्रथिन सापडलं. मूत्रपिंडाला इजा झाली की ते लघवीत वाढायचं. निरोगी माणसांत नसल्यात जमा. निबंध छापायला धाडण्याआधी बाईंनी निरोगी माणसांचे आकडे पुन्हा चाळले. दर महिन्याला पाच नवी माणसं, पण आकडे एका साच्यातून काढल्यासारखे! शिवाय गेले सहा महिने सगळे एकसाथ चढत होते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

नमुने गोळा करायचं काम नानांचं. लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. बाईंनी आठवडाभर त्यांच्यावर पाळत ठेवली. गुरुवारी नाना पाच रिकाम्या बाटल्या घेऊन संडासात गेले आणि भरलेल्या घेऊन बाहेर आले.

"नाना, हे काय?"

नानांचा चेहरा उतरला. "धडधाकट माणसं लघवी द्यायला लाजतात, मॅडम. किती जणांच्या हातापाया पडू? म्हटलं, मी ठणठणीत आहे, माझीच भरू."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"माझी वीस वर्षं मातीत घातलीत!" बाई कडाडल्या.

"नोकरी गेली ना माझी?"

हो म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि हातातल्या कागदाकडे पाहून त्या थांबल्या. सहा महिने चढणारे ते सगळे आकडे एकट्या नानांचे होते.

"तुम्ही कसली औषधं घेता?"

"गुडघ्यासाठी दुखायची गोळी. रोज तीन. सहाएक महिने झाले. का हो?"

अशा गोळ्या रोज घेतल्या की मूत्रपिंडांना इजा होते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आपलं संशोधन साफ खोटं निघावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.