आमच्या साडूंचा घसा

माझ्या थोरल्या साडूंइतका दांडग्या आवाजाचा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसरा जन्मलेला नाही. ते मूळचे आटपाडीचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, त्यामुळे या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला ‘जेवलास का रं?’ विचारण्याची घरचीच रीत. तोच घसा घेऊन ते फौजेत गेले, उंचीच्या जोरावर पलटणीच्या बास्केटबॉल संघात शिरले आणि पेन्शनीत आल्यावर कराडच्या एका कॉलेजात मुलींच्या संघाचे कोच झाले. मैदानावरून त्यांनी “आगं पाय उचल की! उसाला पाणी पाजतीयास व्हय?” अशी आरोळी ठोकली की मुलगी पळायचीच, पण शेजारच्या वर्गात अर्थशास्त्र शिकवणारे सरही दचकून फळ्यापासून बाजूला व्हायचे. जीभ टाळूला लावून ते ‘ट्रर्रर्र’ असा आवाज काढत आणि सगळा संघ एकदम डावीकडे वळे. समोरच्या संघांना तो काहीतरी विलायती डाव वाटायचा. मेंढरं वळवायचा आवाज आहे, हे फक्त आम्हा नातेवाइकांना ठाऊक.

खेळ मैदानावर ठेवून घरी यावं, हे त्यांना कधी जमलं नाही. लग्नात आपण अक्षता टाकतो, साडू नेम धरतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात ते मांडवाच्या अगदी शेवटी उभे होते. ‘सावधान’ म्हणताच त्यांनी गुडघे किंचित वाकवले, मनगटाला झटका दिला आणि मूठभर तांदूळ सगळ्या वऱ्हाडाच्या डोक्यांवरून सुंदर कमान घेत गेले ते थेट भटजींच्या उघड्या तोंडात. पुढचं मंगलाष्टक पाण्याच्या तांब्यानंतर झालं. साडूंना खंत वेगळीच. “नवरदेवाच्या फेट्यावर धरला हुता गड्या. पंख्यानं घात केला.”

आणि उंच मुलगी दिसली, की या माणसाचं भान सुटतं. एकदा मोटरसायकलवरून जाताना त्यांना एक मुलगी उडी मारून शेवग्याच्या शेंगा तोडताना दिसली. साडू तिच्या मागोमाग थेट तिच्या घरी. कडक इस्त्रीचा शर्ट, पिळदार मिशा, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न, “पोरीची उंची किती?” आमच्याकडे हा प्रश्न एकाच प्रकारचा पाहुणा विचारतो. आत लगेच पोहे फोडणीला पडले. थोड्या वेळानं मुलगी साडी नेसून, पदर सावरत, ताटली घेऊन बाहेर आली. साडूंना खायला नाही म्हणायची सवय नाही. त्यांनी पोहे संपवले, वर लिंबू चोखलं आणि म्हणाले, “झ्याक. आता जरा उडी मार बघू, बाळ.” मुलीचा बाप उठून उभा राहिला. “आवं पावणं, सून न्यायची हाय का शेंगा काढायला बाई?” खुलासा होईपर्यंत दुसऱ्यांदा चहा झाला होता. तीच मुलगी पुढे संघाची कॅप्टन झाली.

गेल्या वर्षी हा घसा बसला. आधी आम्ही हसलो. कुणी पेढे वाटायची भाषा केली. पण बसलेला घसा उठेना. मिरजेच्या डॉक्टरांना आत गाठ दिसली. ती काढून तपासणीला पाठवली, आणि रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही अशी ताकीद मिळाली. त्या रोगाचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. ‘तसलं काही नसू दे’ एवढंच सगळे म्हणत होते.

रिपोर्टचा दिवस आणि सांगलीतला अंतिम सामना एकाच दिवशी आला. साडू घरी बसतात कुठले! आक्का, म्हणजे त्यांची बायको, मिरजेला रिपोर्ट आणायला गेली आणि मला राखणीला बसवून गेली. “पावणं, यांनी तोंड उघडलं तर तुमाला धरीन.” साडू तोंडात नॅपकिन कोंबून बेंचवर बसले. ओरडा नाही म्हटल्यावर मुलींचे पायच उचलेनात. जवळून जाताना कॅप्टन कळवळून म्हणाली, “सर, बोलू नका. पण निदान डोळं तरी वटारा!” साडूंनी वटारले. तेवढ्यावर आमच्या पोरी बरोबरीत आल्या.

सामना संपत आला असताना फोन वाजला. पलीकडे आक्काचं नुसतं रडणं. मग हुंदक्यातून शब्द आले, “साधी हाय गाठ. तसलं काय न्हाई.” मी ते साडूंच्या कानात सांगितलं. त्यांनी तोंडातला नॅपकिन काढला, तोंडावर धरला, आणि तो धिप्पाड माणूस गदगदून रडायला लागला.

हे मुलींनी पाहिलं. रिपोर्टचं त्यांना माहीत होतं. चेंडू हातात घेऊन कॅप्टन जागीच थिजली, बाकीच्याही उभ्या राहिल्या. समोरच्या मुलीनं तिच्या हातून चेंडू अलगद काढून घेतला आणि बास्केट केली, तरी एकही हलेना. साडूंना बोलता येईना. तेव्हा पंगतीत भाजीसुद्धा खुणेनं मागणारा मी बेंचवर चढलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “साधी हाय! गाठ साधी हाय! खेळा गं!”

पंचांनी शिट्टी मारून आम्हाला दंड केला आणि समोरच्यांना एक फुकटचा गुण मिळाला. मग पोरी वाघिणीसारख्या खेळल्या, तरी सामना एका गुणानं गेला, आणि तो गुण माझा आहे. पण हरलेला संघ साडूंभोवती फेर धरून नाचत होता, आणि जिंकलेल्या मुली करंडक हातात घेऊन खुळ्यासारख्या बघत उभ्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, “काका, जिंकलं कोन नक्की?”

डॉक्टरांनी आता बोलायची परवानगी दिली आहे. ओरडायची मात्र नाही, कायमचीच. परवा मी संध्याकाळी मैदानावर गेलो होतो. साडू हळू बोलत होते आणि मुली ऐकायला त्यांच्याभोवती वाकल्या होत्या. खेळ पुन्हा सुरू झाला. पलीकडच्या टोकाला एक नवी मुलगी चेंडू चुकीचा धरून उभी होती. साडूंनी छाती भरून श्वास घेतला. मी घाबरून त्यांचा दंड धरला. त्यांनी तो श्वास सावकाश सोडला, एक हात वर केला, आणि तिचं लक्ष जाईपर्यंत तसेच उभे राहिले. पोरगी बराच वेळ बघेचना.