वाटणीत उरलेला कोंबडा

कोंबड्यांच्या मागे फिरणाऱ्या माणसाकडे किस्से साठतातच. मी माण तालुक्यातल्या आमच्या गावची पशुसखी. पहाटे कोंबड्यांवर झाकलेली डालगी उचलायच्या आत घरोघरी जायचं आणि कोंबड्यांना मानमोडीची लस द्यायची, हे माझं काम. जाते कोंबडीसाठी, पण घरात शिरल्यावर कान काही बंद ठेवता येत नाहीत!

*

सुरुवातीला मला बघितलं की बायका कोंबड्या लपवायच्या. लसीनं कोंबडी मरते, असं कुणीतरी पसरवलेलं. वरच्या आळीची मंगल तर दारातच आडवी.

"आमच्यात कोंबड्याच न्हाईत गं!"

तेवढ्यात आतून खणखणीत बांग.

"मोबाईल वाजतोय," मंगल म्हणाली.

"मग उचल की!"

ती आत गेली आणि खरंच उचलून आणला. काखेत धरून!

*

आळीतल्या सगळ्या कोंबड्या दिवसभर एकत्र चरतात. आपल्या ओळखू याव्यात म्हणून मंगलनं त्यांचे पंख गुलाबी रंगवले. पुढच्या बाजारानंतर बघते तर अख्खी आळी गुलाबी! दुकानात तेवढाच एक रंग होता म्हणे.

"आता कुठली कुणाची, कसं कळायचं?" मी मंगलच्या शेजारच्या शेवंताकाकूंना विचारलं.

"दिस मावळू दे की. जिची ती आपापल्या घरी जाती."

"मग रंग कशाला लावला?"

"लय शोभून दिसतंय!"

*

एकदा मंगलची कोंबडी खुडूक बसली. अंडी उबवायला तयार, पण मंगलकडे अंडी नव्हती. ती काकूंकडे होती. अशा वेळी पिल्लं निम्मी-निम्मी घ्यायची, ही आमच्याकडची रीत. पिल्लं जरा मोठी झाल्यावर वाटणी झाली आणि एक उरलं. नेमका नर!

"कोंबडी माजी," मंगल म्हणाली.

"अंडी माजी," काकू म्हणाल्या.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी लसीच्या थर्मासातला बर्फ तपासू लागले.

काकूंच्या घरात तेव्हा वेगळाच घोर होता. बरोबरीची पोरं अंगणभर फिरायची, पण त्यांचा नातू गणू पाऊलच टाकत नव्हता. दहिवडीचे डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. सांगून काळजी थांबते थोडीच! मुलगा मुंबईला कामाला, आणि सून सुरेखा इथं पोराचे पाय चोळत बसायची.

काकूंनी एकदम हात जोडले. "तुजा न्हाई, माजा न्हाई. माजा गणू चालाय लागला की ह्यो कोंबडा म्हसोबाला!"

म्हसोबापुढे मंगल काय बोलणार?

*

कोंबड्याचा थाट वाढला. लस द्यायला गेले तर काकूंनी मला उंबऱ्यावरच अडवलं. "देवाच्या कोंबड्याला रोग हुतोय व्हय?"

मी पुढच्या घराकडे निघाले. मागून सुरेखा आली, कोंबडा पदराखाली दडवून.

"ताई, देव राखंलच. पण तुमी दोन थेंब घालाच. ह्यो मेला तर नवस कशानं फेडायचा?"

घातले!

*

गणूला त्या कोंबड्याचं भारी वेड. त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा कोंबडा टिपायचा आणि हा खदखदून हसायचा. एके सकाळी मी तिथंच होते. कोंबड्यानं अख्खा चतकोरच पळवला. गणू चिडला, भिंतीला धरून उठला आणि भिंत सोडून सुटला! अंगणात गोल गोल. कोंबडा पुढे, गणू मागे. सुरेखा रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

आळी जमली. सगळ्यांची नजर हळूहळू पोरावरून कोंबड्यावर गेली. शेवटी मंगलनं विचारलंच, "काकू, मसाला वाटाय घिऊ का?"

सुरेखाचा चेहरा पडला. काकूंनी कोंबड्याकडे पाहिलं, मग नातवाकडे. दोघं अजून फेऱ्या मारत होते.

"मी नवस कशाचा बोलले हुते गं?"

"चालायचा."

"मग? ह्यो चालतोय व्हय? पळतोय की! चालाय लागला म्हंजी बघू!"