गच्चीवरचा टब
काल कपाट आवरताना साखर कारखान्याचं ते जुनं पत्र हाती लागलं आणि नाकात एकदम क्लोरीनचा वास भरला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागल्याचं ते पत्र आलं, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि घरात त्यावर कुणीच काही बोलत नव्हतं. सासऱ्यांनी दुखऱ्या गुडघ्यांसाठी माजलगावच्या घराच्या गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवला होता, आणि मी केमिस्ट्रीची पदवीधर म्हणून पाणी तपासायचं काम माझ्याकडं आलं होतं. पत्र आल्यानंतर एका सकाळी पाणी गढूळ दिसलं, म्हणून मी जास्तीचं क्लोरीन टाकलं. तासाभरानं तपासणीची कागदी पट्टी बुडवली, तर ती गडद जांभळी झाली. सासरे टॉवेल गुंडाळून पायरीवर उभेच होते. "मामा, उतरू नका. क्लोरीन लई झालंय, अंगाची आग होईल," मी म्हणाले. त्यांना नको म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. ते पट्ट्यांच्या डबीवरच्या रंगांशी पट्टी ताडून बघत राहिले आणि मग खुर्चीत जाऊन बसले. दुपारी पट्टी फिकी आली, तेव्हाच ते उतरले. मला धीर आला. "मामा, सोमवारी कारखान्यात हजर व्हायचंय," मी म्हणाले. ते डोळे मिटून वाफेत बसले होते. "एवढं कळतंय तुला, मग भाईर कशाला जायचं? तुजी लॅब हितंच हाय." आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं, त्यामुळं मला भांडताही आलं नाही. सोमवार तसाच गेला. आजही पट्टी मीच बुडवते, आणि मी हो म्हटल्याशिवाय ते पाण्यात पाय ठेवत नाहीत.