दोरा कुणाचा?

आमच्या गल्लीतल्या, पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात एक रीत आहे. कॉइल भरून झाली की भरणारा आपल्या रंगाचा दोरा बांधतो, मग वॉर्निश. मोटार जळून परत आली की दोरा बघायचा. कुणाचा हात चुकला ते कळतं. तिथं कॉइल भरणाऱ्या वाइंडरबाईंचा दोरा हिरवा. तो परत आलेला मी तरी पाहिला नाही.

बाईंच्या मानेत गाठी आल्या. रक्तातल्या 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. जनुकांत बिघाड आहे, असं डॉक्टर म्हणाल्या आणि बाईंनी तेवढंच धरलं. लेकीला सहावा महिना. बाईंनी तिचे फोन घेणंच बंद केलं.

"उचला की," मी म्हटलं.

"आणि काय सांगू? तुझ्या पोटातल्या लेकराला आजीनं हे दिलंय म्हणून?"

माझं डोकं फिरलं. बाईंना घेऊन तडक दवाखाना गाठला. कुणाशी भांडायचं ते ठरलं नव्हतं, पण भांडायचं होतं.

"पुढारी, आवाज खाली. इथं मोर्चा नाही," बाईंनी दारातच मला दटावलं.

डॉक्टरांनी समजावलं. जंतूंशी लढायची हत्यारं घडवताना बी पेशी स्वतःचीच जनुकं कापून पुन्हा जोडते. बाईंच्या एका पेशीत जोडताना घोळ झाला. पेशीला मरू न देणारं जनुक भलतीकडे, कायम चालू असणाऱ्या स्विचला जाऊन चिकटलं.

"हे तुमच्या जन्मानंतर झालंय. आईकडून आलं नाही, लेकीकडे गेलं नाही."

"जनुकातलं, पण वारशातलं नाही? एकदा काय ते नक्की ठरवा," मी.

"बिघाड एका पेशीतला. तिच्याच पिल्लावळीत राहतो, बाळाकडे जात नाही."

"म्हणजे घरात दुसऱ्या कुणाला होणारच नाही?" बाईंनी विचारलं.

"नात्यात धोका किंचित जास्त दिसतो. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

झालं. जरा उजेड पडला होता, तोही गेला.

बाहेर पायरीवर बाई म्हणाल्या, "आईचा हात नाही, माझाही नाही. मग भाऊ, दोरा कुणाचा?"

गल्लीत कुणालाही जाब विचारणारा मी, चपलेचा अंगठा चाचपत बसलो. पेशीला घेराव कसा घालतात?

फोन वाजला. लेकीचा. बाईंनी तो बराच वेळ वाजू दिला, मग उचलला.

"हं, बोल... नाही गं, रागावले नव्हते. मला नीट कळलेलं नाही. पण तुझ्या लेकराकडे जात नाही म्हणतात. ये तू." मग माझ्याकडे बघत फोनवरच म्हणाल्या, "नाही, पुढाऱ्यालाही नाही कळलं."