सतरा एक आणि माझ्या अक्षरातलं एक पान

...आणि नाही, काकांचं गणित चुकलं नव्हतं. चुकले मी.

काल या ग्रुपवर टाकलेला त्यांच्या वहीचा फोटो बघून तुम्ही विचारलंत ना, सात वर्षांत उत्तर कसं नाही मिळालं म्हणून.

आज काकांना जाऊन महिना झाला.

ओरत्तनाडूच्या तालुका ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. सतरा वेळा 1 लिहायचा.

11111111111111111

आणि याला कुठला प्राइम नंबर पूर्ण भागतो, ते हाताने शोधायचं.

ज्या प्राइमला चौतिसाने भागून 1 उरतो, तेवढेच तपासायचे. तरी हजारो. तंजावरच्या घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसून रोज पाच भागाकार.

मी म्हणायची, "काका, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लगेच येईल."

"मग कॉम्प्युटरला आनंद होईल. मला काय?"

पाचव्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी. तो एक आठवडा भागाकार मी केले. ते शेजारी बसून ऐकायचे.

एका संध्याकाळी मला ब्राउझिंग सेंटरला पळायचं होतं. मैत्रिणी थांबल्या होत्या. त्या दिवसाचा शेवटचा नंबर 2071723.

मी भरभर भागलं, उत्तर वाचून दाखवलं.

"बाकी किती गे?"

"135202."

त्यांनी तोंडीच नवाचा ताळा घेतला. आकड्यांची बेरीज, पुन्हा बेरीज. जमला.

"हा पण नाही. पळ कण्णा, पळ."

त्यानंतर अजून दोन वर्षं.

डॉक्टर नको म्हणाले. काकू रोज भांडली. "डोळे घालवाल त्या एकांपायी!"

ते हसायचे आणि पान उलटायचे. शेवटी शेवटी वही नाकाला लावून.

काकांचे दिवस झाल्यावर मी कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर तो सतरा एकांचा नंबर टाकला.

2071723 × 5363222357

पहिला ओळखीचा वाटला. घरी येऊन वही उघडली.

माझं अक्षर.

मध्ये एका ओळीत 463175 च्या जागी मी 463715 लिहिलंय. दोन आकडे उलटे. बस.

असे आकडे उलटे झाले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. म्हणून नवाचा ताळा ही चूक पकडतच नाही. काकांनी नीट तपासलं होतं. त्यांना कळायचा चान्सच नव्हता.

बाकी शून्य होती.

त्या संध्याकाळी त्यांचं काम संपलं होतं, आणि मी ते संपू दिलं नाही.

काल काकूने विचारलं, "सापडला काय गे त्यांना, शेवटी?"

"बघते," म्हटलं आणि आत गेले. काकू इथे नाही, म्हणून इथे लिहितेय.

काका, तुम्ही बरोबर जागी पोचला होतात. माफ करा. श्रद्धांजली वाहायला हात उठत नाही, तरी वाहते.

काकूला सगळं सांगू? की "नाही सापडला" एवढंच? तुम्ही काय केलं असतं?