दोन बोटं जागा

शेजारच्या बाईंबद्दल चार ओळी लिहा, असं त्यांच्या नवऱ्यानं मला सांगितलं, तेव्हापासून मी टाळाटाळ करतो आहे. एक तर मी शिंपी. कापडावर खडूनं रेघा मारण्यापलीकडे माझं लेखन कधी गेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्यांना फारसा ओळखतही नव्हतो. दोन घरांमध्ये एकच भिंत. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, हसणं यायचं, अधूनमधून कडाक्याचं भांडण. त्यांना गाणं येत होतं हेसुद्धा मला त्या गेल्यावर कळलं. मला नीट ठाऊक आहे ती त्यांच्या जीपच्या चाकांची गोष्ट. तेवढीच सांगतो.

बाई बेकरीत पावाचं पीठ मळायच्या. नवरा दीपगृहावर नोकरीला, म्हणून आम्ही सगळे त्यांना दिवेवाले म्हणायचो. तिथल्याच जिन्यावरून ते पडले आणि पाय कायमचे गेले. घरात चाकाची खुर्ची आली. पुढे बातमी आली की वरचा जुना दिवा, त्याच्या त्या माणसाएवढ्या काचेसकट, उतरवणार आणि त्या जागी लहानसा नवा बसवणार.

"जायच्या आधी एकदा पेटताना बघायचाय," दिवेवाले म्हणाले. "खाली उभं राहून. म्हणजे, बसून."

दीपगृह वाळूच्या लांब पट्ट्याच्या टोकाला. बाईंकडे वडिलांची जुनी जीप होती. तिच्यात खुर्ची चढवून त्या निघाल्या आणि थोड्याच अंतरावर चाकं वाळूत बुडाली. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून आणलं. घरी आल्यावर दिवेवाल्यांनी खुर्ची खिडकीकडे पाठ करून लावून घेतली. त्या खिडकीतून दिवा दिसायचा.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. "काका, तुमची टेप द्या. रुंद चाकं बसवायचीत."

टायरवाल्यानं दुकानातलं सगळ्यात रुंद चाक पुढे केलं होतं. "वाळूत रुंदच पाहिजे, बाई. उंटाचा पाय बघा की," असं त्याचं म्हणणं. त्यानं एक जोडी नुसती लावून बघायला दिली. बाईंनी काय करावं? बेकरीतून मळलेल्या पिठाचा गोळा आणला, त्याच्या जाड वळ्या करून मडगार्डच्या आतून चिकटवल्या. मग स्टिअरिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला पूर्ण फिरवलं, जीप बेकरीच्या पायरीवर चढवली, उतरवली. चाक कुठे घासलंच, तर पीठ चेपणार. मी उगीच हाताची घडी घालून बघत होतो. पीठ जसंच्या तसं.

"झालं की," टायरवाला म्हणाला. "कसा पैलवान उभा राहिलाय बघा."

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण तोंडातून निघून गेलं, "पँटचं माप आम्ही गिऱ्हाइकाला बसवूनही घेतो. उभ्यानं बरोबर असते ती बसल्यावर उसवते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आगाऊपणा झाला. त्या म्हणाल्या, "काका, बसा मागे."

मग दिवेवाले खुर्चीसकट चढवले गेले, त्यांच्या शेजारी मी, आणि घरातून नणंदबाईंना हाक गेली. नणंद चांगली भरभक्कम.

"मला कशाला गं?"

"वजनाला."

"तोंड वर करून सांगते बघ. दादा, ऐकलंस?"

"ऐकलं," दिवेवाले म्हणाले. "तुझ्याशिवाय परीक्षा पुरी होणार नाही." किती तरी दिवसांनी ते हसताना दिसले.

जीप खाली बसली. पुन्हा स्टिअरिंग, पुन्हा पायरी. बाई वाकून आत बघायला गेल्या आणि तशाच थांबल्या. आम्ही उतरून पाहिलं, तर पीठ सपाट झालेलं आणि त्यावर टायरची नक्षी उमटलेली, साच्यातून काढलेल्या बिस्किटासारखी. वाळूच्या मध्यावर वळताना हेच झालं असतं, तर टायर फाटला असता आणि दिवेवाले पुन्हा ट्रॅक्टरची वाट बघत बसले असते. बाईंनी पीठ खरवडून काढलं, पुन्हा मळलं आणि म्हणाल्या, "याच्याखालचं माप आणा."

आम्ही पुन्हा चढून बसलो, तरी त्या चाकानं पिठाला स्पर्शही केला नाही. बाईंनी मधल्या फटीत बोटं घालून पाहिली. दोन बोटं जागा होती.

"रुंदी कमी पडेल हो वाळूला," टायरवाला म्हणाला.

"कमी पडेल ती हवा काढून भरून काढू. टायर पसरतोच की."

आम्ही ऊन उतरल्यावर निघालो. मीही होतो, ज्या वजनावर माप घेतलं तेच वजन न्यायचं, असा त्यांचा आग्रह. वाळू लागली तिथे त्यांनी उतरून चारही टायरांची हवा कमी केली. टायर जमिनीवर मांडी घालून बसावेत तसे पसरले. मग जीप वाळूवर गेली. गेली म्हणजे कशी, ते मला लिहिता येत नाही. आवाज नाही, धक्का नाही. ज्या वाळूनं आधी जीपची चाकं गिळली होती, तिच्यावरून आम्ही परातीतल्या पिठावरून हात फिरावा तसे चाललो होतो. मी इतका म्हातारा झालो, पण असं काही अनुभवलं नव्हतं.

खाली पोहोचलो आणि दिवा पेटला. ती काच आधी आतून पिवळी झाली, मग तिच्यातून उजेडाचा एक पट्टा निघाला आणि आमच्या डोक्यावरून समुद्रावर गेला. मी टोपी काढली. का काढली ते माहीत नाही. दिवेवाल्यांची मान मागे, तोंड उघडं. पट्टा दोनतीनदा फिरला तेव्हा ते म्हणाले, "डावीकडची काच पुसलेली नाही नीट."

"तुम्ही नाही ना तिथे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बघत राहिल्या. मला तेव्हा दिव्याकडे बघावं की त्यांच्याकडे, कळेना.

नंतर तो दिवा गेला, तरी दोघं समुद्र बघायला वाळूवर जात राहिले आणि मला हाक येत राहिली. शेवटची हाक खिडकीतून आली. हातात गाडीची किल्ली होती.

"काका, येता का वजनाला?"

"आज जावई आलेत."

"मग त्यांनाही आणा."

"जाड आहेत हो."

"असू देत. दोन बोटं जागा आहे आपल्याकडे."